ढग होऊ पाहणारा टायर

वस्तू बोलायच्या, त्या काळची गोष्ट. घाटातल्या एका टेम्पोचा टायर झिजून गुळगुळीत गोटा झाला होता. पावसात ओल्या रस्त्यावर तो अलगद तरंगायचा आणि त्याला वाटायचं, आपला ढग होत चाललाय.

"ढग कसला, तुझी नक्षी गेलीय. पाणी कापणार कशानं?" मागून स्टेपनी म्हणाली.

"मालकानं नवी लिंबू-मिरची बांधलीय," टायर झोपाळू आवाजात म्हणाला.

लिंबू म्हणालं, "दृष्ट लागली तर मी बघून घेईन, बाबा. पाण्याचं खातं माझ्याकडे नाही."

वळणावर टायर पुन्हा तरंगला. टेम्पो सरकत जाऊन दरीच्या कठड्याला टेकला. मालक खाली उतरला, तेव्हा टायरला तो कठड्यावरून दरीत वाकून बघताना दिसला. मग त्यानं तिथंच टायर काढून स्टेपनी चढवली.

आता टायर चिंचेच्या झाडाला झोका होऊन लटकतो, दिवसभर तरंगतो. पोरं बसायला आली की मात्र आधी विचारतो, "दोर तपासलात का रे?"