कुठल्या वर्षाचे गुण धरायचे?

फार लांबचं नाही, पण आपलंही नव्हे, असं एक जंगल होतं. तिथे भालेराव नावाचं अस्वल राज्य करायचं. जंगलात शाळा होती, परीक्षा होती, आणि टेकडीवर वैद्यकीचं एक महाविद्यालय होतं. तिथे जागा थोड्या आणि पिल्लं फार. म्हणजे सगळं कसं सुधारलेलं होतं.

त्या जंगलातल्या गोदू घोरपडीला वैद्य व्हायचं होतं. धाकट्या भावाच्या पायात काटा रुतला, पाय सडला, आणि साधा पाला वाटून लावणारंही कुणी भेटलं नाही, तेव्हापासून तिने हट्टच धरला होता. पण नववीत पोरीची पंचाईत झाली. परीक्षा ऐन थंडीत, तीही भल्या सकाळी. घोरपडीचं अंग उन्हाशिवाय हलत नाही. ती पहिला प्रश्न वाचते आहे तोवर शेवटची घंटा झाली. पुढे मात्र ती सावरली आणि बारावीला, परीक्षा उन्हाळ्यात आल्यामुळे, जंगलात पहिली आली. प्रवेशाला बारावीचेच गुण धरत. आईने हौसेने शेजारीपाजारी वाळवी वाटली.

त्याच वर्षी महाराजांचे चिरंजीव बाळराजेही बारावी झाले. झाले म्हणजे झाले एवढंच. बाळराजे हुशार होते ते नववीत. त्या वर्षी त्यांची तोंडी परीक्षा राजाच्या गुहेत झाली होती, आणि परीक्षक ससा पैकीच्या पैकी गुण देऊन धडधाकट घरी परतला होता.

शिक्षणमंत्री होते तरसोजी. जातीचे तरस, त्यामुळे कुठेही हसायचे, अगदी शोकसभेतसुद्धा. त्यांनी सभा बोलावली.

"बंधुभगिनींनो, झाड ओळखायचं शेंड्यावरून की मुळावरून? नववी हे मूळ आहे! यंदापासून नववीचेच गुण धरले जातील!"

"मुळाकडे चला!" माकडं फांद्यांवरून ओरडली. माकडांना मुळांशी काही देणंघेणं नसतं, पण घोषणा छान होती.

बाळराजे टेकडीवर गेले. गोदू घरी आली आणि भिंतीकडे तोंड करून रडली. मग डोळे पुसून तिने नववीची परीक्षा पुन्हा दिली, चिल्ल्यापिल्ल्यांत बसून, शेकोटीशेजारी. पहिली आली. पण त्या वर्षी खुद्द तरसोजींची कन्या अर्जदार होती आणि तिची दहावी बरी होती. सरकारला शोध लागला की झाडात खोडच महत्त्वाचं. त्यापुढच्या वर्षी सेनापती लांडग्याचं पोर आलं. ते कुठल्याच वर्षी पास नव्हतं, म्हणून आजोबांचे गुण धरले.

शेवटी गोदूची आई तरसोजींकडे गेली. "साहेब, पुढच्या खेपेला कुठलं वर्ष धरणार तेवढं आधी सांगा की. पोर त्याचाच अभ्यास करील."

तरसोजी पोट धरून हसले. "आधी सांगितलं तर सगळीच पोरं अभ्यास करतील, बाई! मग गुणवत्तेत केवढी गर्दी होईल!"

एवढ्यात निवडणूक आली. भालेराव महाराज खडकावर चढले. गोदू आता मतदार झाली होती. ती उठून उभी राहिली.

"महाराज, मत द्यायचं तर तुमचं कुठलं वर्ष धरायचं? पहिल्या वर्षी पाणवठा आटला. मग मधाची पोळी नाहीशी झाली. यंदा जंगलच निम्मं राहिलंय."

"पोरी, मागचं काय उगाळत बसलीस?" महाराज मायेने म्हणाले. त्यांच्या मिशांना मध लागला होता. "मागचं सगळं आधीच्या राजाचं पाप. तू आमचं येणारं वर्ष धर!"

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"मग मलाही येणाऱ्या वर्षाच्या गुणांवर प्रवेश द्या," गोदू म्हणाली.

तरसोजी पुढे झाले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच हसले नाहीत.

"ती सोय राज्य करणाऱ्यांना आहे, बाळ. शिक्षणाला गुणवत्ता लागते."

यावर तर आणखीच टाळ्या पडल्या. गोदूने खाली बसून पुढच्या वर्षाचा अर्ज भरला. कुठल्या वर्षाचे गुण, ही जागा तिने मोकळी सोडली.

मतमोजणी झाली. भालेराव महाराज जंगलात पहिले आले. त्यांचे गुण अजून यायचे आहेत.