डावी सीट

“म्हणजे आता इलाजच नाही म्हणतोस?”

“नाही वस्ताद. इंजिनचं हेड उघडावं लागेल, आणि उघडण्यातही अर्थ नाही.”

“का?”

“सत्तेचाळीस वर्षांची गाडी. एक बोल्ट तुटला तर तसा दुसरा आणायचा कुठून? मी बाईंना स्पष्ट सांगून टाकलं, गाडी संपली म्हणून.”

बाबालाल वस्ताद पुतणीच्या लग्नाला कराडला गेले होते, ते तीन दिवसांनी आत्ता कुठे एसटीतून उतरून गॅरेजात आले होते. पिशवी अजून खांद्यालाच होती.

पाचगणीत बाबालाल मुजावरांचं गॅरेज म्हणजे म्हाताऱ्या गाड्यांचं माहेर. दुसरीकडे ज्यांना नाक मुरडतात, त्या इथे हक्कानं येतात आणि चार दिवस राहून, तोंड उजळून परत जातात.

आणि हा बोलतोय तो धैर्यशील भिलारे. डिप्लोमा झालेला, पुण्याच्या मोठ्या वर्कशॉपात सहा वर्षं काढलेला. नव्या गाडीला यंत्र जोडलं की यंत्रच आजार सांगतं. जुन्या गाडीला यंत्र जोडायला जागाच नसते, म्हणून पोरगा दोन वर्षांपूर्वी वस्तादांकडे शिकायला आला. हुशार होता, त्यात खोट काढायला जागा नाही. फक्त ती हुशारी इतरांपेक्षा त्याला स्वतःलाच जास्त आवडायची.

“बाई काय म्हणाल्या?”

धैर्यशीलनं नुसती मान वळवली.

गॅरेजच्या बाकड्यावर ग्रेसबाई रणपिसे बसल्या होत्या. वय शहात्तर. बोर्डिंग शाळेच्या मेट्रन होत्या त्या. त्यांच्या चपलेचा आवाज आला की दीडशे पोरं श्वास रोखून झोपेचं सोंग घ्यायची. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत गाडीतून काढून आणलेल्या वस्तू. टॉर्च, गीतांचं पुस्तक, पेपरमिंटची डबी, काच पुसायचं फडकं.

“तीन वाजता भंगारचा टेम्पो येतोय वाईहून,” बाई म्हणाल्या. “तुम्ही भेटलात, बरं झालं.”

वस्तादांनी गाडीकडे पाहिलं. निळी गाडी लख्ख धुतलेली होती.

“बाई, आज गाडी धुतलीत?”

“मग? पारोशी पाठवू?”



धैर्यशीलला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण खरं ते खरं. डॉक्टरनं रडून कसं चालेल?

“पाणी किती जातं?” वस्तादांनी पिशवी खाली ठेवत विचारलं.

“दोन दिवसांत लिटरभर कूलंट.”

“खाली थेंब?”

“एक नाही. रात्रभर गाडीखाली पुठ्ठा घालून ठेवला. सकाळी पुठ्ठा कोरडा ठणठणीत.”

“पाइप?”

“बॉनेट उघडून सगळे चाचपले. रेडिएटरच्या तोंडाला पंप लावून दाब भरला. पंपावरचा काटा हळूहळू उतरतो. म्हणजे गळतंय नक्की. बाहेर तर दिसत नाही. मग जाईल कुठं? आत! इंजिनच पाणी पितंय.”

बोटांवर मोजत मोजत त्यानं हे असं मांडलं की ऐकणाऱ्याला वाटावं, आता बोलायला उरलंय काय!

“इंजिनच्या तेलात पाणी आलंय?”

इथे धैर्यशील जरा अडखळला.

“तेल... तेल स्वच्छ आहे. पण सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो वस्ताद! पाणी जळल्याशिवाय पांढरा धूर येईल का? माझ्या डोळ्यांनी पाहिला.”

“कधी?”

“काल सकाळी. सातला.”

“आणि सकाळी सातला तुझ्या तोंडातून काय येत होतं?”

बाकड्यावरून खुदकन हसू आलं. जानेवारीतली पाचगणी! सातला इथे माणूस बोलला तरी वाफ, म्हैस हंबरली तरी वाफ. हुशारीच्या भरात आपला गडी आपल्याच गावची थंडी विसरून बसला होता.

धैर्यशीलचे कान तापले.

“धूर सोडा. पण काटा उतरतो, तो उतरतोच ना?”



“उतरतो खरा,” ते म्हणाले. “असेल तुझं बरोबर. वय झालंय तिचं. आपलं तरी कुठं राहिलंय?”

म्हणजे धैर्यशील जिंकला. आता खूश व्हायला काय हरकत होती? पण कसं कोण जाणे, जिंकल्यासारखं वाटेना त्याला.

वस्ताद गाडीपाशी गेले. बॉनेटला हातसुद्धा लावला नाही. डावीकडचं दार उघडलं, चपला बाहेर काढून ठेवल्या आणि डाव्या सीटवर जाऊन बसले.

“तिथंच बसायचे ते,” बाई हलक्या आवाजात म्हणाल्या. “चाळीस वर्षं झाली. पसरणीचा घाट मी ह्याच गाडीवर शिकले, त्यांच्याकडून. चपला बाहेर काढून बसायचे. मी म्हणायचे, अहो, राहू द्या पायात. तर म्हणायचे, दुसऱ्याच्या घरात पायताण घालून जातात का? आणि एकदासुद्धा स्टिअरिंगला हात लावला नाही. मी घाबरून ओरडले तरी नाही.”

गाडीत वस्ताद डोळे मिटून बसले होते. एक हात समोरच्या डॅशबोर्डच्या फळीवर. ओठ हलत होते की नाही, कळत नव्हतं.

धैर्यशील टक लावून बघत राहिला. त्याला ठाऊक होतं, म्हाताऱ्याच्या पोटात विद्या आहे. आता काहीतरी गुपित बाहेर पडणार. कानानं ओळखणार की हातानं?

पाच मिनिटं गेली... दहा गेली...

वस्तादांनी डोळे उघडले. खाली पायांकडे पाहिलं. एक पाय उचलला, तळवा दुसऱ्या पायावर घासला.

“धैर्या.”

“जी.”

“इकडं ये. बूट काढ.”

“वस्ताद?”

“मोजेपण.”

दोन वाजून गेले होते. टेम्पो घाट चढायला लागला असेल, आणि ह्यांना बूट काढायचे सुचतंय! धैर्यशीलनं चरफडत बूट काढले, मोजे काढले. वस्ताद उतरले, तो त्यांच्या जागी बसला. दोन दिवसांत तो शंभरदा ह्या गाडीत बसला होता, पण प्रत्येक वेळी उजवीकडे, चावी फिरवायला. डाव्या बाजूला त्याचं काही काम नव्हतं.

त्यानं तळवे खालच्या हिरव्या गालिच्यावर टेकवले आणि दचकला.

ओल. बर्फासारखी गार.

“धुतल्याचं पाणी असेल,” तो म्हणाला.

“मी बाहेरून धुतली,” बाकड्यावरून आवाज आला. “आत बादली ओतायला मला वेड लागलंय का?”

त्यानं पाय हलवला. तळवा चिकटत होता. पाणी कधी चिकटतं? त्यानं बोट गालिच्यात दाबलं, नाकाशी नेलं. गोडसर वास. आठ वर्षं रोज हाताला येणारा वास. हिरव्या गालिच्यात रेडिएटरमधलं हिरवं कूलंट मुरत होतं, दिसणार कसं?

“बाई,” वस्तादांनी विचारलं, “समोरची काच आतून धुरकट होते का?”

“रोज! रोज पुसते. फडकं कसं चिकट होतं बघा.” त्यांनी पिशवीतून फडकं काढून दाखवलं. “मला वाटलं, धुकं आहे.”

“यानं विचारलं नाही?”

“मला? मला कोण विचारतंय!”

धैर्यशीलनं डोकं खाली घालून फळीच्या आत हात घातला. बोटं ओली झाली.

“हीटर,” तो म्हणाला. “हीटर गळतोय.”

साधी गोष्ट. इंजिनचं गरम पाणी फळीमागच्या हीटरमधून फिरतं, तेव्हा गाडीत ऊब येते. पाचगणीच्या थंडीत बाईंचा हीटर रोज चालू. तो कुठेतरी सडला होता आणि थेंब थेंब आतल्या आत पडत होता. पुठ्ठा गाडीखाली होता आणि गळती गाडीत होती. इंजिन बिचारं ठणठणीत, आणि तीन वाजता त्याला फासावर द्यायची तयारी!

पुढचं काम अर्ध्या तासाचं. हीटरला जाणारे दोन्ही पाइप सोडवले, मध्ये रबरी पाइपचा तुकडा घालून एकमेकांना जोडून टाकले. हीटर बाजूला पडला. धैर्यशीलनं पुन्हा पंप लावला, दाब भरला आणि काट्यासमोर उकिडवा बसला.

काटा हलला नाही.

पाच मिनिटांनीही नाही. दहा मिनिटांनीही नाही.

त्याला भरून आलं. लाज वाटत होती, पण लाजेपेक्षा मोठं काहीतरी वाटत होतं. ना यंत्र, ना पाना, नुसते अनवाणी पाय. ह्या माणसाच्या पायाचं तीर्थ घ्यावं, असं त्याला वाटलं, आणि त्या पायांनी आज जे केलं ते बघता त्यात अतिशयोक्ती नव्हती.

“बाईंना सांग जा,” वस्ताद म्हणाले.

“मी? मी कुठल्या तोंडानं...”

“संपली म्हणून ज्या तोंडानं सांगितलंस, त्याच.”

धैर्यशील अनवाणीच बाकड्यापाशी गेला.

“बाई, गाडी चांगली आहे. इंजिनला काही झालेलं नाही. मी चुकलो. मी... मी तिला मारूनच टाकली होती.”

ग्रेसबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. दीडशे पोरांनी जे भोगलं ते त्या एका नजरेत होतं.

“टेम्पोवाल्याला फोन कोण करणार?”

“मी करतो.”

“काय सांगशील?”

“सांगतो... पेशंट उठून बसला म्हणून.”

बाई हसल्या, आणि हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

“आणि हीटर?”

“तो बंद केलाय. दुसरा मिळेपर्यंत थंडी सोसावी लागेल.”

“शाल आहे माझ्याकडे. म्हातारी आहे, मेणाची बाहुली नाही मी.”

टॉर्च, गीतांचं पुस्तक, डबी, सगळं पुन्हा गाडीत गेलं. गाडी पहिल्या चावीला सुरू झाली. वळणावर बाईंनी दोनदा हॉर्न वाजवला.

आवाज दूर जाईपर्यंत दोघे उभे होते.

“वस्ताद, एक विचारू?”

“विचार.”

“दोन दिवस मीही त्याच गाडीत बसत होतो. पंप होता, पुठ्ठा होता, सगळं होतं माझ्याकडे. मला सापडलं नाही ते तुम्हाला कसं सापडलं?”

वस्ताद हात पुसत होते. पुसायचे थांबले.

“तू गाडीत कशाला बसत होतास?”

“बिघाड शोधायला.”

वस्ताद म्हणाले, “मी निरोप घ्यायला बसलो होतो.”