कडेवर मूल घेऊन भाषण

खैरदऱ्याच्या आठवडी बाजारात, हाटाई देवीच्या ठाण्यापुढे, एक बसका काळा दगड आहे. त्यावर उभं राहून कुणीही भाषण करावं. अट एकच, कडेवर बाजारातलं एखादं मूल घ्यावं लागतं. असं का, ते समोरच्या बांगडीवाल्या चंद्रभागाबाई पाहुण्यांना सांगतात. त्यांना त्यांच्या सासूनं सांगितलेलं.

फार मागे इथे द्वारका नावाची लसूणवाली बसायची. चार बुकं शिकलेली, म्हणून काळजीही जरा जास्तच करायची. तिच्या लेकीला, बकुळेला, तिसरं लागलं तरी पोर एक शब्द बोलेना. द्वारकेच्या डोळ्याला डोळा लागत नसे. पोटुशी असताना ग्रहणात लसूण सोलला, त्यानं तर नाही? शिकलेल्या बाईनं असलं मानू नये हे तिला कळे, आणि तरी ती मानी. शेवटी तिनं हाटाईला नवस बोलला, म्हणे: पोरीचा पहिला शब्द तो तुझा हुकूम, सगळ्या बाजाराला पाळायला लावीन. बोलून बसली आणि नवीन घोर लागला. पोर भलतंच काही बोलली तर?

अशात निवडणुकीसाठी त्र्यंबकराव आले. माणूस खोटा नव्हता. गोरगरिबांचं भलं व्हावं असं त्यांना मनापासून वाटे, आणि ते सगळं एका दमात सांगावं असंही वाटे. दगडावर चढले ते उतरेनात. गिऱ्हाइकं खोळंबली, मेथी सुकली, गाढवंसुद्धा खाली बसली. तेवढ्यात त्यांना लसणाच्या ढिगाशी बकुळा दिसली. ही बोलत नाही असं कळताच त्यांचे डोळे भरून आले. तिला कडेवर उचलून ते म्हणाले, "बंधूंनो, ही पाहा मुकी जनता. हिचा आवाज मी होईन."

बकुळेनं लसणाचा हात त्यांच्या तोंडावर ठेवला. "पुरे," ती म्हणाली.

द्वारकेनं शब्द लगेच ओळखला. दिवसभर आपणच पोरीला म्हणतो तो हा शब्द. आनंदाच्या आधी लाजच वाटली. पण नवस तो नवस. ती पुढे झाली.

"दादा, उतरा आता. देवीचा हुकूम झालाय."

"बाई, कालव्याचा मुद्दा राहिलाय."

"राहू द्या. पोर पहिल्यांदा बोललीय माझी."

त्र्यंबकराव थबकले. जनतेचं ऐकायचं, असं घटकेपूर्वी त्यांनीच सांगितलं होतं. मुकाट उतरले. पुढे निवडूनही आले म्हणतात.

आजही पुढारी दगडावर चढण्याआधी झोपाळू मूल शोधत हिंडतात, आणि बाया हटकून भुकेलं मूल हाती देतात. मूल कुरकुरलं की भाषण संपलं.

द्वारकेचा जीव मात्र त्या दिवशीही थाऱ्यावर आला नाही. पोर खरंच बोलली, की आपल्याला भास झाला? घरी जाताना वाटभर तिनं बकुळेचा पिच्छा पुरवला. काय म्हणालीस, परत म्हण, आई म्हण, लसूण म्हण, हाटाई म्हण ना गं. बकुळेनं लसणाचा हात तिच्याही तोंडावर ठेवला.

मग म्हणाली, "आई, तू पण."