फांदीसकट घरटं

फार जुनी गोष्ट. दोन रानांनी मधलं कुंपण काढलं आणि चिंचोका हेच दोघांचं नाणं ठरवलं. बोरांचा भाव दोन्हीकडे एक झाला. पण अलीकडच्या रानात घरटं विणण्याचे दोनाचे पाच चिंचोके झाले. बाळंतपण तोंडावर आलेली खारूताई सुगरणीवर कडाडली, "नाणं एक, मग महागाई इथंच का? पलीकडची सुगरण दोनच घेते!"

"ताई, बोरं पलीकडे विकून तुझी कमाई दोनाची पाच झाली ना? मग मी दोनावर कशाला राबू? मीही बोरंच विकेन. पलीकडे बोरीच नाहीत, म्हणून तिथली बिचारी दोनावर विणते."

"मग तिथूनच आणते घरटं!"

"आण की. फांदीसकट आण."

खारूताईनं मागे वळून पाहिलं. कुंपण गेलं होतं. झाडं मात्र होती तिथंच उभी होती.