निरोपाची धून

कुणाच्या पणजोबालाही आठवणार नाही इतक्या जुन्या काळी, दूर समुद्रात एक हिरवं, सदा धुक्यात भिजलेलं बेट होतं. तिथे घरोघरी फिडल असे. ते व्हायोलिनसारखं हनुवटीखाली धरायचं आणि गजाने वाजवायचं. बेटाची रीत अशी, की माणूस गेलं की घरातल्याच कुणीतरी दारात उभं राहून निरोपाची धून वाजवायची, मगच शवपेटी उचलायची. बाहेरचा वादक कितीही मोठा असो, तो चालत नसे.

तिथल्या एका म्हाताऱ्या कोळ्याने अंथरूण धरलं. घरात बायको, तिला फिडल येत नसे, आणि एकुलती एक मुलगी. तो तिला म्हणाला, "पोरी, माझ्या वेळी तुलाच वाजवावं लागेल. शिकून घे. मला सुरावाचून पाठवू नकोस गं."

मुलगी गावातल्या वृद्ध वादकाकडे गेली. त्याने तिला एकच काम दिलं. एका तारेवर गज सावकाश ओढायचा, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि सूर थरथरू द्यायचा नाही. पहिल्या दिवशी शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखा आवाज निघाला. कितीतरी दिवस तोच आवाज. नवशिक्याचं असंच असतं, त्यात लाजायचं काय? पण हिला लाज वाटली, आणि लाजेहून कंटाळा जास्त आला.

"आजोबा, मला नाचाच्या जलद चाली शिकवा की," ती म्हणाली. "निरोपाची धून काय, संथच तर असते. संथ कुणालाही येतं."

"भरभर वाजवताना चुकलेला सूर पळून जातो, पोरी," म्हातारा म्हणाला. "संथ वाजवताना तो तिथेच उभा राहतो."

तिने ऐकलं नाही. इकडचं तिकडचं ऐकून तिने नाचाच्या चाली उचलल्या. बोटं पळू लागली, जत्रेत टाळ्या पडू लागल्या. बाप अंथरुणावरून विचारी, "धून बसली का गं?"

"बसेल हो बाबा. एवढी घाई कसली?"

आणि एका सकाळी बाप गेला.

ती फिडल घेऊन दारात उभी राहिली. पहिला लांब सूर लावला, तोच गज थरथरला, सूर किंचाळला. ती घाबरली आणि हाताने सवयीची वाट धरली. धून भरभर पळू लागली. मग नको ते झालं. रडणाऱ्या माणसांचे पाय नकळत ठेका धरू लागले. एका लहानग्याने तर शवपेटीसमोर गिरकी घेतली.

गर्दीतल्या वृद्ध वादकाचे हात शिवशिवत होते, पण रीत आडवी आली. शेवटी आईच म्हणाली, "थांब गं बाई. जाऊ देत त्यांना तसेच."

लोकांनी माना खाली घातल्या आणि शवपेटी उचलली.

पुढे ती रोज एका तारेवर गज ओढत बसे. वर्षं लागली, पण सूर स्थिर झाला. आता तिची धून ऐकून परक्यांचेही डोळे भरून येत. मला मात्र तिचा रागही येतो आणि कीवही वाटते, कारण ज्याने ती धून मागितली होती त्याने ती कधीच ऐकली नाही.

लहानांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीही, ध्यानात ठेवा: जे आपल्याला सावकाश करता येत नाही, ते आपल्याला येतच नाही.