उतरवलेल्या मातीची टेकडी

सगळं रान काळंभोर आणि मधोमध ही एकटीच पांढरी टेकडी. कारळगावात येणारा प्रत्येक जण पहिल्यांदा हेच विचारतो, आणि तुम्हीही विचारलंत. ही टेकडी देवानं केलेली नाही. हिच्यात मुरूम नाही की खडक नाही, नुसती घरांवरची माती आहे. चढा सावकाश. माझे गुडघे आता माझं ऐकत नाहीत, त्यामुळं तुम्हालाही माझ्या चालीनं यावं लागेल. आणि साहेब, बाईंच्या डोक्यावरचं टोपलं तुम्ही घेऊ नका. जड असलं तरी ते त्यांनीच न्यायचं आहे.

तालुक्याहून घर बांधायची परवानगी आणलीत, छान केलंत. ती हवीच. पण आमच्या शिवारात पाया खोदायच्या आधी इथं यावं लागतं. नाही आलात तर कुणी अडवणार नाही हो, फक्त गावातला एकही गवंडी, एकही मजूर तुमच्या कामावर यायचा नाही. हिला केराची टेकडी म्हणतात. का म्हणतात, ते वर पोचेपर्यंत सांगतो. मध्ये मध्ये विचारू नका, माझा धागा तुटतो.

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा गावात सगळी माळवदाची घरं होती. खाली हातभर रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, वर लाकडाच्या तुळया, तुळयांवर फळ्या, आणि फळ्यांवर पांढरी माती. पावसाळ्याआधी दरसाल प्रत्येक घर नवी माती वर टाकायचं, म्हणजे गळत नाही. टाकायचे सगळे, काढायचं कुणीच नाही. माती उतरवणं हा अपशकुन होता. घराण्यात कुणी उरलं नाही, वंश बुडाला, की मगच त्या घराची माती खाली यायची. त्यामुळं ज्याचं घराणं जुनं त्याचं माळवद जाड, आणि ज्याचं माळवद जाड त्याचा मान मोठा. मुलगी द्यायची झाली तर लोक आधी माळवदाकडं मान वर करून बघायचे, असं सांगतात. शेताचं मागाहून विचारायचे. काय म्हणावं या माणसांना! पण आमचेच पूर्वज.

त्या वेळी गावाचे पाटील होते सटवाजी. घर बांधणं, भिंत वाढवणं, माळवदाला हात लावणं, सगळ्याला त्यांची परवानगी लागायची. माणूस वाईट नव्हता. दुष्काळात त्यांनी स्वतःची कणगी गावाला उघडून दिली होती म्हणे. पण एकदा नाही म्हटलं की नाही. त्यांच्या माळवदावर माणसाच्या मांडीपर्यंत माती होती, गावात सगळ्यांत जास्त.

त्यांचा एकुलता एक मुलगा दौलत, आणि त्याची बायको केरा. केरा डोंगराकडची, गवताच्या छपराखाली वाढलेली. ती या घरात आली आणि पहिल्या दिवसापासून तिची नजर वर. नवी सून सारखी आढ्याकडं काय बघते म्हणून बायका हसायच्या. मग तिला मुलगा झाला आणि रिवाजाप्रमाणं तिला आतल्या खोलीत ठेवलं. ती खोली घराच्या अगदी पोटात. एकच दार, खिडकी नाही, आणि वर उजेडासाठी माळवदाला ठेवलेलं वीतभर भोक. त्याला आम्ही सवणं म्हणतो. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून दार लावलेलं. दिवसभर ती त्या अंधारात पडून असायची आणि सवण्यातून येणारा उजेडाचा ठिपका भिंतीवरून सरकताना बघायची.

त्याच दिवसांत जमीन गुरगुरायला लागली होती. उतरंडीवरची भांडी आपोआप वाजायची. बाहेरच्यांना त्याची सवय झाली, लोक चेष्टा करायचे की धरणीमायला ढेकर येतोय. पण आतल्या खोलीत प्रत्येक गुरगुरीनंतर वरून माती गळायची. पाळण्यात, बाळाच्या कानात, पापण्यांवर. केरा ती फुंकून काढायची आणि पाळणा सरकवायची, पण सरकवून सरकवून नेणार कुठं? सगळ्या खोलीवर तेच माळवद होतं. मधल्या दोन तुळया खाली वाकलेल्या तिला दिसायच्या. तिनं नवऱ्याला सांगितलं, निदान या खोलीवरची तरी माती कमी करा. दौलत म्हणाला, दादांना कोण विचारणार? आणि गोठ्याकडं निघून गेला.

शेवटी एक दिवस सासऱ्यांचा आवाज ओसरीवर ऐकून तिनंच दार किलकिलं केलं आणि दाराआडून विचारलं. सुनेनं सासऱ्याशी थेट बोलायचं नाही, असा तो काळ. ती म्हणाली, "मामंजी, माती उतरवू द्या. बाळाच्या अंगावर पडतीय."

ओसरीवर गावातली चार माणसं बसली होती. पाटलांचा चेहरा लाल झाला. नातू जन्मून सव्वा महिना झाला नाही, आणि सून म्हणते घराची माती उतरवा! वंश बुडाल्यावर करायचं काम आहे ते. त्यांनी तिच्याकडं बघितलंही नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "या घरावरची माती उतरेल ती माझ्यानंतर."

दार लागलं. केरा रडली की नाही ते कुणी सांगत नाही. तिनं पाळणा सवण्याखाली ओढून घेतला, तिथं तेवढी माती नव्हती म्हणून.

आणि मग एका दुपारी मोठा हादरा बसला. जेवणं उरकून माणसं सावलीला टेकली होती. सगळे ओरडत बाहेर पळाले. सटवाजी पाटील मात्र आत पळाले. हे ध्यानात ठेवा, नाहीतर ऐकणारे त्यांना सरळ दुष्ट ठरवून मोकळे होतात. नातू आत होता म्हणून ते आत पळाले. खोलीत पोचले, पाळण्यातून बाळ उचललं, आणि मागं दाराची भिंत धडाडून कोसळली.

धूळ खाली बसली तेव्हा तिघंही जिवंत होती. पण दाराच्या जागी दगडांचा ढीग, बाकी तिन्ही बाजूंना भिंती, आणि वर ते माळवद. मधल्या दोन तुळयांतली एक तडकली होती. वीतभर आभाळ तेवढं दिसत होतं.

बाहेरून दौलत हाका मारायला लागला. आवाज इतक्या जवळून येत होता की हात लांब केला तर लागेल असं वाटावं. गावातले गडी धावले, दगड ओढायला लागले. पहिला मोठा धोंडा हलला तशी तुळई करकरली आणि वरून भसकन माती आली. आतून केरा ओरडली, थांबा! मग कुणी माळवदावर चढायला गेलं. पाऊल टाकलं नाही तोच पुन्हा करकर, पुन्हा माती. केरा पुन्हा ओरडली. दगड काढावा तर छप्पर येतंय, छपरावर चढावं तर छप्पर येतंय. सगळं गाव भोवती उभं, हातात कुदळी, आणि कुणालाच काही करता येईना. दौलतनं डोकं भिंतीवर आपटून घेतलं म्हणे.

आत उकाडा वाढत होता. धुळीनं बाळ खोकायला लागलं, मग त्याचं रडणं बारीक होत गेलं. केरा बाजल्यावर उभी राहिली आणि तिनं सवण्याला हात लावून बघितला. तिला एक गोष्ट कळली होती. वरून कुणाला येता येत नाही, बाजूनं येता येत नाही, पण आतून मात्र सवण्याच्या कडेची माती खाली घेता येईल. वरचा भार कमी होईल, भोक मोठं होईल, आणि खाली पडलेल्या मातीवर चढत चढत त्या भोकापर्यंत पोचता येईल. बाळंतिणीच्या उशाखाली लोखंड ठेवतात, तसा तिच्या उशाखाली विळा होता. तो तिनं काढला. बाजूला सासरे बसलेले, मांडीवर नातू.

आता तुम्ही म्हणाल, अशा वेळी कोण विचारत बसतं? पण ती त्या काळातली सून होती, आणि ते पाटील होते. तिनं विचारलं, "मामंजी, उतरवू का?"

पाटील गप्प बसले.

किती वेळ, ते कुणालाच ठाऊक नाही. मी लहान असताना आमचा आजा सांगायचा की सवण्यातला उजेड या भिंतीवरून त्या भिंतीवर गेला तरी ते गप्पच होते. वेळ गेला तो तिथं. मला त्यांचा राग येतो, आणि कीवही येते. वंश बुडाला की माती उतरते, हे त्यांनी जन्मभर ऐकलं होतं आणि लोकांना ऐकवलं होतं, आणि तो वंश त्यांच्या मांडीवर खोकत होता. केरा विळा हातात धरून उभी राहिली. तिला पुन्हा विचारायचा धीर होईना. मग बाळ खोकायचंही थांबलं. पाटलांनी त्याच्या छातीवर हात ठेवला, आणि म्हणाले, "उतरव."

त्यानंतर मात्र ते स्वतः उठले. केरा सवण्याच्या कडेच्या फळ्या उचकटायची, विळ्यानं माती खरवडायची आणि पाटील पडलेली माती पायांनी तुडवून घट्ट करायचे. सालोसालचे थर वेगवेगळे दिसत होते. पाटील एकेक थर ओळखायला लागले. हा दौलत जन्मला त्या सालचा, हा माझ्या लग्नाचा, हा माझ्या बापाच्या हातचा, यात कडब्याचं भूस जास्त आहे. केरा ऐकत होती आणि खरवडत होती. सगळं घराणं त्या दोघांच्या पायाखाली येत गेलं आणि ती दोघं वर वर चढत गेली.

बाहेर दौलतनं गोठ्याचं दार उपसून माळवदाच्या कडेपासून सवण्यापर्यंत आडवं टाकलं आणि त्यावर पोटावर सरकत आला. भार वाटला गेला म्हणून माळवदानं तेवढं सोसलं. आधी बाळ वर आलं. दौलतनं त्याच्या तोंडातली माती बोटानं काढली तेव्हा ते रडलं, आणि खाली उभे असलेले गडी त्याच्याबरोबर रडले. मग केरा आली, दोन तुळयांच्या मधून, अंग सोलवटून घेत.

पाटील आले नाहीत. दोन तुळयांमधून केराचं अंग निघालं, पाटलांचे खांदे निघेनात. आडव्या हाडाचा माणूस. डोकं आणि एक हात बाहेर, बाकीचं अंग आत. तुळई कापल्याशिवाय गत नव्हती, आणि तडकलेली तुळई कापायची म्हणजे आधी तिला आधार द्यायचा. सुतार कामाला लागला. त्याला वेळ हवा होता, आणि वेळ तर त्या खोलीत गप्प बसण्यात गेला होता.

पाटील तसेच अडकून राहिले, आपल्या माळवदातून मान बाहेर काढून. तिथून त्यांना सगळं गाव दिसत होतं. एकाला एक लागून जाड जाड माळवदं, त्यांच्याच परवानगीनं झालेली. आणि हादरा थांबला म्हणून बायका-माणसं एकेक करून पुन्हा आपापल्या घरात शिरत होती, कुणी पाणी प्यायला, कुणी दागिना आणायला. तेव्हा ते ओरडले. त्यांचा आवाज वेशीपर्यंत गेला म्हणे. "उतरवा! घराबाहेर या आणि माती उतरवा! मला विचारायला थांबू नका!"

लोक आधी बघतच राहिले. मग ज्यांना कळलं ते शिड्या लावून वर चढले. दिवस मावळायच्या आत जमीन पुन्हा हलली. ज्यांनी ऐकलं त्यांची माणसं वाचली, कित्येकांच्या भिंतीही वाचल्या. पाटलांचं माळवद त्यांच्यासकट आत बसलं.

कुणी सांगतं त्यांना बाहेर काढून अग्नी दिला, कुणी सांगतं ते अजून आतच आहेत. दौलत ढीग उपसायला निघाला होता खरा. पण गावभरची उतरवलेली माती टाकायची कुठं, असं लोकांनी केराला विचारलं, आणि तिनं सासऱ्याच्या घराकडं बोट दाखवलं. त्या दिवसापासून गावाची माती इथं पडते. पुढं गाव नव्यानं वसलं तेव्हा गल्ल्या किती रुंद ठेवायच्या ते तिनंच ठरवलं असं म्हणतात. भिंत आडवी पडली तरी समोरच्या दारापर्यंत पोचू नये, इतक्या रुंद. येताना तुमची गाडी आरामात वळली ना, ती तिच्यामुळं.

पोचलो. हा वर खळगा दिसतो ना, सवण्याची जागा ही. पाऊस दरसाल बुजवतो, आम्ही दरसाल मोकळा करतो.

आजही पावसाळ्याआधी प्रत्येक घर आपल्या छतावर साठलेलं ओझं खाली आणतं. आता माळवदं नाहीत, स्लॅब आहेत, मग फुटक्या कुंड्या, विटा, उरलेली वाळू, जे असेल ते. आणि नावापुरतं एक टोपलं माती इथं पडते. आजही नवं घर बांधणाऱ्यानं आधी इथं यायचं. मात्र विचारायचं मालकानं नाही. जी घराच्या सगळ्यांत आतल्या खोलीत झोपणार, तिनं विचारायचं. या खळग्यात बसायचं, डोक्यावर मातीचं टोपलं, आणि म्हणायचं, पाटील, उतरवू का? उत्तर आमच्या घराण्यानं द्यायचं. ते बाळ जगलं म्हणून मी निवृत्ती पाटील आज तुमच्यासमोर उभा आहे. आम्हाला एकच उत्तर द्यायची मुभा आहे. दुसरं उत्तर आमच्याकडून कायमचं काढून घेतलंय.

साहेब, गच्चीवर बाग करणार म्हणालात मघाशी. बाग खाली अंगणातही चांगली येते, एवढंच सांगतो. आता जरा मागं सरका.

या ताई, बसा खळग्यात. टोपलं डोक्यावरच राहू द्या, मान अवघडेल, अवघडू द्या. विचारलंत की मी लगेच बोलणार नाही. काय म्हणणार ते तुम्हाला ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे, तरी थांबावं लागेल. केरा थांबली होती.

विचारा.