बरणीची पाठ

"सर, रविवारी येताय ना?"

शार्दूल केंजळेने खुर्चीत बसायच्या आधीच विचारलं. मिरजेत मूत्रविकारांचा त्याच्याइतका नावाजलेला सर्जन दुसरा नाही. हे त्याला ठाऊक होतं, आणि समोरच्याला ठाऊक नसेल तर तो सांगायचा. आम्ही दोघं एकाच वर्षाचे. त्याचं नाव झालं, माझं पोट सुटलं.

समोर आमचे गुरू, डॉ. मुकुंद तगारे. वय एक्याऐंशी. मी कोपऱ्यात त्यांचे जुने कागद लावत बसलो होतो.

"काय आहे रविवारी?"

"परिषद. दोनशे डॉक्टर पडद्यावर माझं ऑपरेशन बघणार. डावं मूत्रपिंड आणि त्याखालची अख्खी नळी, थेट मूत्राशयापर्यंत, एकसंध काढणार."

"कुणाचं?"

"इलाही शिकलगार. तंबोरे बनवतात. बाहेर बसलेत, तुम्हाला भेटवायला आणलंय."

सरांनी त्याने आणलेली स्कॅनची फिल्म खिडकीकडे धरून बघितली. बराच वेळ बघितली.

"नळीच्या अस्तराचा कॅन्सर. वर मूत्रपिंडात घुसलाय."

"म्हणून तर घाई, सर. आधी काढू, मग केमो देऊ."

"मग..."

सर एवढंच म्हणाले.

त्यांच्यामागे फळीवर एक काचेची बरणी होती. औषधाच्या पाण्यात ठेवलेलं मूत्रपिंड आणि त्याला लोंबणारी नळी. मूत्रपिंडाच्या पोटात गाठ, नीट दिसणारी. दर खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली की या बरणीलाही झेंडूचं फूल वाहायचं, असा सरांचा नेम. फूल वाहायचा मान सहा वर्षं शार्दूलचा होता. कारण हात त्याचाच चांगला, हे आम्हालाही मान्य होतं. मनातल्या मनात जळत का होईना, मान्य होतं.

"त्याचं रक्तातलं क्रिएटिनिन किती?"

"एक पॉइंट एक. मूत्रपिंडं चांगली चालतात."

"डावं काढल्यावर?"

"वाढेल. दीड... पावणेदोन. गाळणी एकच उरणार."

"आणि तुझी ती जालीम केमो. तिचा भार कशावर पडतो?"

"मूत्रपिंडावर."

"किती मूत्रपिंडांवर?"

शार्दूलने फिल्म पाकिटात घातली.

"नाहीच झेपली तर दुसरं सौम्य औषध देता येतं, सर."

"येतं. गुणही सौम्यच. तुझ्या बापाला दिलं असतंस?"

सर उठले. बरणी खाली घेतली आणि शार्दूलपुढे ठेवली.

"काय लिहिलंय?"

"सतरा फेब्रुवारी एक्याण्णव. एकसंध काढले." हे त्याला तोंडपाठ होतं.

"फिरव."

सहा वर्षं फूल वाहिलं, पण बरणी फिरवायचं त्याच्या कधी मनात आलं नव्हतं. माझ्याही नाही. तिची पाठ कायम भिंतीकडे.

त्याने फिरवली. मागेही चिठ्ठी होती. सरांच्याच अक्षरात.

"औषध सोसले नाही. मृत्यू, नऊ जानेवारी ब्याण्णव."

"मला वाटायचं, हे तुमचं सगळ्यात मोठं..."

"ऑपरेशन उत्तमच झालं होतं," सर ताठ बसून म्हणाले. "तसं आजही कुणाला जमणार नाही. तुलासुद्धा नाही."

सरांचा मला तेव्हा रागही आला आणि अभिमानही वाटला.

त्यांनी इलाहीचाचांना आत बोलावलं. हाताला लाखेचे डाग, अंगात इस्त्रीचा सदरा.

"चाचा, रविवारी कापायचं ठरलंय. मी म्हणतो, आधी औषध. तीन-चार महिने. दोन्ही मूत्रपिंडं जागेवर आहेत तोवर अंगाला झेपेल. कापायचं नंतर. काय करू?"

"तवर मरत न्हाई न्हवं मी?"

"तसा शब्द मी देत नाही. पण माझ्या घरचं माणूस असतं, तर हेच केलं असतं."

चाचांनी शार्दूलकडे बघितलं. "साहेब, तुम्ही काय म्हणताय? हात तुमचा हाय."

शार्दूलने पुन्हा बरणीकडे बघितलं.

"औषध आधी," तो म्हणाला. फार हळू म्हणाला, पण म्हणाला.

चाचा बाहेर गेल्यावर त्याने विचारलं, "दोनशे जणांना आता काय दाखवू, सर?"

"मुतखडे दाखव. मिरजेत त्यांना काय तोटा?"

तो हसला नाही. निघाला. दारात सरांनी थांबवलं.

"चाचांचं काढशील, तेव्हा त्याचीही बरणी इकडे आण. पण जिच्यात दाखवण्यासारखं काहीच नसेल, अशी हवी."

"तसं क्वचित होतं, सर."

"म्हणून तुला सांगितलं. ह्याला नाही सांगितलं." बोट माझ्याकडे.

खंडेनवमीला शार्दूल आला. औषधाचे चार फेरे झाले होते, चाचांचे केस गेले होते, आणि गेल्या महिन्यात ऑपरेशनही झालं होतं. पडदा नाही, दोनशे माणसं नाहीत. पॅथॉलॉजीवाल्यांचं काम झाल्यावर त्याने बरणी मागून आणली होती. चाचा बाहेर बाकावर बसले होते. कुणाशी तरी तंबोऱ्याच्या भोपळ्यावरून हुज्जत घालत होते.

सरांनी चष्मा पुसला. बरणी उजेडाला धरली.

"काय दिसतंय?"

"काहीच नाही, सर. गाठ होती तिथे नुसता वण. रिपोर्टमध्येही कॅन्सरची एक पेशी नाही."

सरांचे डोळे भरले होते आणि ते लपवायची त्यांना काही गरज वाटत नव्हती. त्यांनी आपली जुनी बरणी स्वतःच्या हाताने खालच्या फळीवर ठेवली.

शार्दूलने नवी बरणी वर ठेवली. तारखेची चिठ्ठी पुढे, पाठ भिंतीकडे. वर्षानुवर्षांची सवय. मग झेंडूचं फूल उचललं.

"थांब," सर म्हणाले. "पाठ पुढे कर. कोरी आहे. दिसू दे लोकांना."